तिसऱ्या झाडाकडची जागा

प्रिय मारेड,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. शनिवारच्या चॅपलच्या शिबिरात माब्लीला झाडाला टांगून झोपवणार नाही, हे तू निक्षून सांगितलंस, ते मी ऐकलंय. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच. तुझी नणंद आहे मी, एवढा हक्क तर आहे ना?

काल आम्ही तो टांगता तंबू रानात बांधून पाहिला, कार्डिफहून मागवलेला. तीन झाडांना तीन जाड पट्टे, मधे ताणलेलं कापड, वर छत. चॅपलची सगळी पोरं मावतील एवढा ऐसपैस. गेथिन गेल्यापासून तू त्या रानाकडे फिरकली नाहीस, म्हणून आधीच सांगते, अ‍ॅशचं एकही झाड मी घेतलेलं नाही. ज्याच्या किडलेल्या फांदीने माझा भाऊ नेला, त्याला मी पोरं टांगीन का गं? तिन्ही ओक आहेत. खोडावर लाकडी हातोडा मारला, कान लावून ऐकलं, कुठे पोकळ नाही. हे गेथिननेच शिकवलेलं.

वजनासाठी डिल्विनने त्याच्या मेंढ्यांच्या खाद्याची पोती आणली. त्याचं तोंड चालूच. नेरिसबाई, माझ्या मेंढ्यापण वर झोपवा, म्हणजे कुंपणाचा खर्च वाचेल म्हणे. एकेका पोराच्या जागी एकेक पोतं ठेवलं आणि मग मी चढले. माझा घेर तुला माहीतच आहे. डिल्विन म्हणाला, आता आणखी परीक्षा कशाला?

आणि एक पट्टा सरकला. खोडावरच्या ओल्या शेवाळावरून घसरून ती बाजू खाली बसली, आणि मी पोत्यांसकट घरंगळले. तुझ्यापासून लपवणार नाही. तंबू कमरेएवढ्याच उंचीवर होता, खाली पाचोळा, त्यामुळे कोपर खरचटलं एवढंच. पण माब्ली पांढरीफटक पडली. तू तिला फक्त खालून बघायची परवानगी दिली होतीस, आणि पोरगी खरंच एकदाही चढली नाही. रडलीही नाही. तिने शेवाळ पुसून काढलं, खोडाला गोणपाट गुंडाळलं आणि पट्टा पुन्हा आवळला, अगदी बापासारखी दातांत जीभ धरून. मला गेथिनची इतकी आठवण आली की डिल्विनकडे पाठ करून उभी राहिले. मग पुन्हा पोती, पुन्हा मी. दुपारपर्यंत या वयात उड्या मारल्या. पट्टा जरासुद्धा हलला नाही.

तिला शिबिराला पाठव, असं सांगायला हे लिहीत नाहीये. तू नाही म्हणालीस आणि ती ऐकतेय, वादही घालत नाही. मला तिच्या त्या गप्प राहण्याचीच भीती वाटते. आम्ही पोती उतरवायला लागलो, तेव्हा ती आणखी एक पोतं ओढत घेऊन आली. हाताने उचलून पाहिलं, थोडं खाद्य काढलं, पुन्हा थोडं भरलं आणि तिसऱ्या झाडाकडच्या कोपऱ्यात ठेवलं. पोरं तर सगळी झाली, हे कुणाचं, मी विचारलं. "आईचं," ती म्हणाली. "ती आलीच, तर तिचंही वजन पेलायला हवं ना, आत्या?" पेललं, मारेड. शनिवारी ये. चढू नकोस हवं तर, खाली माझ्याजवळ बस, चहा मी आणते. पण तिचा हात धरून ये.

तुझीच,
नेरिस