पडकईचा रकाना

शेणवा, ता. शहापूर
२२ जानेवारी २००३

चि. सौ. गोजर हिस वाल्मिकदादाचे अनेक आशीर्वाद.

नेमणुकीचा कागद आला. एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, आता निवृत्तीनंतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचं. विशेष न्यायदंडाधिकारी, पण अर्धवेळ. बुधवार आणि शनिवार, किरकोळ मारामाऱ्यांचे खटले. ओळखीपाळखी आड येतात म्हणून स्वतःच्या तालुक्यात नेमत नाहीत. मला मुरबाड दिलं, म्हणजे तुझा तालुका. तुझी वहिनी अजून हसते आहे.

एक फॉर्म भरून दिला. त्या तालुक्यात कुणाशी नातं, जमिनीत वाटा, पैशाचा व्यवहार असे तीन रकाने होते. पहिल्यात तुझं आणि साईनाथरावांचं नाव लिहिलं, बाकी दोन्हींत ‘नाही’. तेव्हा आता कुणाशी भांडू नकोस. तुझा खटला मला चालवता येणार नाही.

साईनाथरावांचा पाय थंडीत दुखतो का, ते कळव. जत्रेतलं घोंगडं पोचलं. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
वाल्मिकदादा


म्हसा, ता. मुरबाड
११ एप्रिल २००३

ती. दादास गोजरचा शि. सा. नमस्कार.

तू जज झालास हे इथं सगळ्यांना कळलंय. मी कुणाला सांगितलं नाय. ह्यांनी सांगितलं, काठी टेकत घरोघर फिरून.

काल चांगोभाऊ आले होते. ओटीवर बसले, चहा अर्धाच प्यायले. वाडीतल्या रखमीच्या शेळ्या त्यांच्या वालात शिरल्या, त्यांनी रखमीला काठीनं मारलं, तिनं पोलिसात दिलं. कागद तुझ्याकडं आलेत म्हणे. त्यांनी काय मागितलं नाय. एवढंच बोलले, की यंदा तुमची भाताची आवणी कधी धरायची ते आताच ठरवून टाकू.

दादा, एप्रिलात आवणीचा दिवस कोण ठरवतं? अजून रोपासाठी राब भाजायचा आहे.

तुला ठाऊक आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून आमची पडकई त्यांच्या घराशी आहे. आज त्यांची सात माणसं आमच्या खाचरात, उद्या आमी त्यांच्या. ती मोडली तर हे पायानं अधू, वैष्णवी बारा वर्षांची आणि मी. रोप राबातच पिवळं पडेल.

मी तुला काय सांगत नाय. पण हे न लिहिता पण राहवलं नाय. वहिनीला आठवण. मला अंतर देऊ नको.

तुझी,
गोजर


शेणवा
१७ एप्रिल २००३

चि. सौ. गोजर हिस आशीर्वाद.

हे पत्र तू लिहायला नको होतंस. आता ते माझ्याकडे आहे. फाडलं तरी ते मी वाचलेलं आहे.

ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. मी ती चालवली. चांगोने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रखमी भिंतीशी उभी होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

घरी येऊन फॉर्मची नक्कल वाचली. नातं नाही, जमीन नाही, पैसा नाही. कागदावर मी स्वच्छ आहे. पण ९१ चा आषाढ आठवतो. साईनाथराव पाय मोडून कल्याणच्या दवाखान्यात, वैष्णवी पाळण्यात, तुझं खाचर मोकळं. मी आलो तेव्हा चांगो बांधावर उभा होता, मागे त्याच्या घरची माणसं. दोन दिवसांत सगळं लावून झालं. मी त्याच्या शेजारी वाकून लावत होतो. माझी रोपं वर यायची, तो न बोलता पुन्हा खोचायचा.

या माणसाला मला शिक्षा देता येईल का, माहीत नाही. सोडलं, तर कशासाठी सोडलं, हे मलाच कळणार नाही.

मी कळवेपर्यंत पत्र पाठवू नकोस. रागावलेलो नाही.

वाल्मिकदादा


शेणवा
३ मे २००३

चि. सौ. गोजर हिस आशीर्वाद.

काल ठाण्याला जाऊन जिल्हा न्यायाधीशांना अर्ज दिला. आरोपीच्या घराशी माझ्या बहिणीच्या घराची पडकई आहे, सबब खटला दुसऱ्याकडे द्यावा. साहेब विदर्भातले. पडकई म्हणजे काय, विचारलं. सांगितलं. म्हणाले, असा रकाना फॉर्मात नाही, तुम्ही कशाला ओढवून घेता. एक तारीख चालवून बसलो आहे, हेही सांगितलं. मग त्यांनी सही केली.

पुढच्या तारखेला चांगोला समजेल. तो काय करेल ते मला दिसतं आहे. मी मोकळा झालो आणि तू अडकलीस.

आवणीला मी येईन. माझी ओळ वाकडी असते, पण येईन. जमलं तर माया ठेव.

वाल्मिकदादा


म्हसा
२० जुलै २००३

ती. दादास गोजरचा शि. सा. नमस्कार.

तू यायचं कारण नाय. कंबर सांभाळ.

चांगोभाऊंच्या घरचं कुणी आलं नाय. त्यांची बारकी सून विहिरीवर सगळ्यांसमोर बोलली, जजच्या बहिणीला माणसांची काय कमी. मी हंडा भरला नि आले. रोप हातभर झालं होतं. मी नि वैष्णवीनं दोन दिवसांत एक कोपरा लावला.

परवा सकाळी बांधावर रखमी आली. संगती तिची सून दिपिका नि वाडीतल्या आणखी दोघी. मी म्हटलं, बाई, तुझा खटला चालू आहे, तू माझ्या खाचरात उतरू नको, लोक नावं ठेवतील. ती म्हणाली, “तुझा भाऊ तिथं बसला व्हता तवर मी तुझ्या दाराला आले नाय. आता तो नाय ना? मग येऊ दे.”

मी विचारलं, तू का यावंस. तर म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा पाय मोडला त्या साली पण आले होते.

दादा, ती आली होती. राबातून रोपाच्या मुठी डोक्यावर वाहून तुमच्या हाताशी कोण टाकत होतं? तुला आठवलं नाय, मला पण नाय. चांगोभाऊंचे दिवस आमी त्याच साली फेडले. तिचा दिवस कुणी धरलाच नाय. बारा वर्षं तिनं मागितला पण नाय.

काल संध्याकाळी आवणी उरकली. उद्या मी नि वैष्णवी वाडीवर जातो, तिच्या माळावर नाचणी लावायला.

तू अर्जात चांगोभाऊंचं नाव लिहिलंस, ते बरोबरच. आता रखमीचं पण लिही. तिचा खटला पण यापुढं तुला चालवता यायचा नाय.

नाचणी झाली की पाठवते. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
गोजर