शेवटची दहा मिनिटं

प्रिय भिंगरी,

पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, बिचारीनं आठवडाभर दाद दिली नव्हती. मीच रोज फोन करून तिचं डोकं खाल्लं. फोन तुलाच केला असता, पण आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर पुन्हा करायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

माझं चाललंय. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्यावर कुरकुरते. थिएटरातलं काम तेच. पाच पडदे, आम्ही सहा जणी. शो संपायच्या दहा मिनिटं आधी झाडू, सुपली आणि काळ्या पिशव्या घेऊन आत अंधारात दाराशी उभं राहायचं, दिवे लागले की बारा मिनिटांत सगळं लख्ख. त्यामुळे सात वर्षांत मी शेकडो सिनेमांचे शेवट पाहिले, सुरुवात एकाचीही नाही. कोण कुणाचं कोण हे कळायच्या आत सगळे एकमेकांच्या गळ्यात तरी पडलेले असतात, नाहीतर मेलेले तरी.

सध्या सहा आठवडे उडत्या माणसांचा एक सिनेमा ठाण मांडून बसलाय. त्यात एक बाई आहे. अंगात राखाडी डगला, तळहातातून जाळ निघतो. तिचं खरं नाव जिभेला वळत नाही, म्हणून आम्ही तिला डगलेवाली म्हणतो. शेवटी ती पुलाच्या अलीकडे उभी असते. पलीकडे तिची पाच-सहा वर्षांची पोर, नायकाच्या कडेवर, आईच्या नावानं हंबरडा फोडत असते. आणि ही बया दोन्ही हात वर करते, मधला पूल जाळून टाकते, पाठ फिरवते आणि चालायला लागते. लोक तिला शिव्या घालतच बाहेर पडतात. माझ्या जोडीला एक आडदांड बाई आहे, सगळ्या तिला सरदारीण म्हणतात. ती रोज न चुकता म्हणायची, हिला काळीज दिलंय का धोंडा? मी मान डोलवायचे. माझा तर त्या डगलेवालीवर खास राग. का, ते तुला सांगायला नको.

वरून नावांची भली मोठी यादी संपल्यावर अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा दाखवतात. त्यापायी लोक उठत नाहीत आणि आमच्या बारा मिनिटांची सात होतात. त्या तुकड्यात ती नदीकाठी एकटीच दगडावर दगड रचत बसलेली असते. सरदारीण म्हणायची, सगळं जाळून झालं, आता हिला बांधकाम सुचलंय. आम्ही हसायचो आणि खुर्च्यांखाली वाकायचो.

तुझी छोटी बरी आहे. एक रविवार सोडून एक रविवार मी जावयाकडे जाऊन तिला भेटते. समोरचे दोन दात पडलेत. आधी प्रत्येक वेळी विचारायची, आई कधी येणार. आता विचारत नाही. मला वाटलं होतं, पोर रुळली. तिचा ताबा कुणाकडे जाणार याचा निकाल आता लवकरच लागेल असं जावई म्हणतो, आणि म्हणताना त्याचा आवाज फार गोड असतो.

मागच्या बुधवारी सुट्टी होती. गुडघ्याचे व्यायाम करून दवाखान्यातून निघाले, पण घराकडे पाय वळेनात. घरी आहे कोण? फिरत फिरत थिएटरात गेले आणि तिकीट काढून बसले. दारावरची बाई म्हणाली, काय मावशी, सुट्टीच्या दिवशीही झाडायला? शेजारच्यानं पहिल्याच मिनिटाला अर्धे पॉपकॉर्न खाली सांडले, माझा जीव नुसता कासावीस. आणि मग ती आली. डगला नव्हता. बाळाला झोपवत होती, हलक्या आवाजात, कारण बाहेर कुणी ऐकत होतं.

भिंगरे, तिच्या मागावर माणसं होती. पोर तिच्याबरोबर राहिली असती तर दोघी सापडल्या असत्या. पोर पलीकडे आणि पूल मधे नाही, एवढाच रस्ता उरला होता. ती काही देवी नाही गं. मधे कुठे खोटं बोलते, दोन निरपराध पहारेकरी तिच्या रागापायी जातात, आणि त्याचं तिला वाईट वाटतंय की नाही तेही धड दाखवत नाही. तरी मला ती आवडली. सगळ्यात जास्त केव्हा आवडली सांगू? तो नायक मोठ्या मनाचा आव आणून म्हणतो, चल, तुला माफ केलं. तर ती म्हणते, "माफी ठेव तुझ्यापाशी. आधी ऐकून घे." तिथे मी रडले. शेजारचा पॉपकॉर्न खायचा थांबला.

कारण मीही चौदा महिने तेच करत होते. मनात म्हणायचे, येईल भिंगरी एक दिवस, आणि मी मोठ्या मनानं तिला माफ करीन. तू त्या दुपारी एक बॅग घेऊन दारात उभी होतीस. मी पाणी विचारलं नाही. "पोरीला कुठे टाकून आलीस?" एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "आई, आत तर येऊ दे." मी म्हटलं, आधी तिला घेऊन ये, आणि दार लावलं. त्याआधीचं मला दिसत नव्हतं असंही नाही. भर उन्हाळ्यात तू लांब बाह्या घालायचीस. फोनवर इतकं हळू बोलायचीस की मी ओरडायचे, नीट बोल. दोन दिवस राहायला येऊ का म्हणालीस, तर मी म्हटलं, जुळवून घ्यावं बाईच्या जातीनं. सगळं दिसत होतं, मी ते बाजूला सारत गेले. झाडायची सवयच ना.

आता ज्यासाठी लिहितेय ते. खूप दमलेय, पण हे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही असं ठरवलंय. तीन महिन्यांपूर्वी जावयाच्या वकिलानं एक कागद पुढे केला आणि मी त्यावर सही केली. मुलगी स्वतःच्या मर्जीनं पोरीला टाकून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, असं त्यात लिहिलंय. तुझ्या आईची सही आहे त्याच्यावर. काय पाहिलं होतं मी? दारातली बॅग. काल कोर्टात जाऊन तिथल्या कारकुनाला विचारलं, दिलेला जबाब मागे घेता येतो का. तो म्हणाला, एकोणीस तारखेला या आणि न्यायाधीशांना स्वतः सांगा, ते काय करतील ते करतील. मी येणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे, मी काहीच पाहिलेलं नाही. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. त्याआधी दोन बुधवार आहेत, दोन्ही दिवस मला सुट्टी आहे. तू म्हणशील तिथे येते. मला पहिल्यापासून सांग. मी मधे बोलणार नाही.

तुझीच,
उशिरा आत आलेली आई