मधली कोरी जागा

३ नोव्हेंबर
आले एकदाची आंजर्ल्याला! कपड्यांच्या बॅगा अजून तशाच आहेत, पण रंगांची पेटी आधी उघडली. शुभंकरने वरची खोली मला दिली. खिडकीतून खाडी दिसते, बोटी दिसतात. साताऱ्याला माहेरी जेवणाच्या टेबलावर चित्रं काढायचे, आता अख्खी खोली माझी. सासूबाईंनी घावन केले होते, मी पोट फुटेस्तोवर खाल्ले.

ही खोली मृणालीची होती. शुभंकरची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तीही माझ्यासारखीच जलरंगात चित्र काढून त्यावर हाताने रंगवलेले कागद चिकटवायची. तिच्या चित्रांच्या प्रदर्शनातच मला शुभंकर भेटला.

७ नोव्हेंबर
समोरच्या भिंतीवर तिचं शेवटचं चित्र आहे. खालची आमचीच पडवी आणि मागे खाडी. आभाळ जलरंगाचं, माडाच्या झावळ्या कागदाच्या. मी कागद कात्रीने कापते. ती हाताने फाडायची, अगदी सावकाश, जीभ दातांत धरून, असं शुभंकर सांगतो. त्यामुळे तिच्या प्रत्येक तुकड्याला पांढरी, पिंजलेली कड आहे आणि झावळ्या हलल्यासारख्या वाटतात. मला हे कधी जमलं नाही. जळते मी तिच्यावर, लिहूनच टाकते.

मधोमध झोपाळ्यावर बाईच्या आकाराची जागा कोरी आहे. तिथे ती स्वतःला बसवणार होती, ते राहून गेलं. शुभंकर रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या कोऱ्या जागेसमोर उभा राहतो. माझं नवं चित्र दाखवलं, तर मान न वळवता छान म्हणाला.

११ नोव्हेंबर
सासूबाईंनी चांदीचा एक छोटा टाक दिला. त्यावर बाईची आकृती कोरलेली आहे. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, रोज हळदकुंकू आधी तिला, मग स्वतःला. "बाय गो, तिचं तिला दे. नायतर ती आपल्या हातान घेल हां," म्हणाल्या.

मी हसून घेतला आणि वर येऊन रंगांच्या खणात टाकला. भिंत तिची, नवरा अर्धा तिचा, आता गळाही तिलाच द्यायचा? नाही जमणार.

१६ नोव्हेंबर
ठरलं. त्या कोऱ्या जागी मी बसणार. कागद रंगवून मनगटाशी धरून बघितला, परत रंगवला, परत धरला. गेरू, थोडा पिवळा, किंचित निळा. माझ्या कातडीचा रंग हुबेहूब उतरला. कात्रीने पाऊल कापलं आणि खळ लावून चिकटवलं.

शुभंकर किती तरी वेळ बघत राहिला. आता चित्रात जीव आला, म्हणाला. मी दिवसभर गुणगुणत होते.

२१ नोव्हेंबर
दोन्ही पावलं, डावा हात, खांदा झाला. आज रंग जुळवायला डावं मनगट धरलं, तर जुळेचना. मनगट पांढरं पडलंय. पावलंही. आजारी माणसाची असतात तशी नव्हे, न रंगवलेल्या कागदासारखी. शुभंकरला दाखवलं. खळीने झालं असेल म्हणाला आणि परत चित्राकडे वळला.

२४ नोव्हेंबर
चित्रातल्या हाताची कड पांढरी आहे. पिंजलेली. मी तो कात्रीने कापला होता. स्वच्छ कापला होता. मी कशी विसरेन?

शुभंकर चित्रापाशी हसत होता. मी आत आल्यावर थांबला.

२६ नोव्हेंबर
गळा मी केलाच नव्हता. सकाळी बघते तर आहे. फाडलेल्या कागदाचा, माझ्या रंगाचा. आरशात माझा गळा पांढरा—

टाक घालते म्हटलं. रोज कुंकू लावते, आधी तुला, मग मला. खण पालथा घातला. टाक नाही.

२७ नोव्हेंबर
चिकटवलेलं पाऊल सोलायला गेले. नखाने जरासं उचललं आणि माझ्याच पावलाची कातडी— किंचाळले. शुभंकर धावत वर आला. चित्रापाशी गेला. दुखलं का, असं चित्राला विचारलं. मी तिथेच जमिनीवर होते.

२८
चेहराही झाला. रंग माझा, नाक डोळे तिचे. शुभंकरने मृणाली म्हणून हाक मारली. तिने मान वळवली.

सासूबाई वर आल्या. माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या. तिच्या गळ्यात टाक आहे, चांदीचाच, कागदाचा नाही. त्यांनी कुंकू आधी टाकाला लावलं, मग तिला. टाकावरच्या बाईच्या हातात कात्री—

उजवा हात अजून माझा आहे, म्हणून लिहिते. बोटांची कड पांढरी होतेय. पिंजतेय. शुभंकर, एकदा इकडे बघ ना. कागद फाटल्याचा आवाज येतोय. अगदी सावकाश, जीभ दातांत धर—