तुझ्या श्वासाची जागा

औरंगाबाद, डिसेंबर १९४९

प्रिय मुमताजआपा,

कराचीहून तुझं कार्ड आलं. अम्मीला माझा सलाम सांग. तुमच्या घराचं विचारलंस. अंगणातलं डाळिंब बहरलंय, एवढंच सांगते.

पोलीस ॲक्शननंतर बंद पडलेलं ते आनंदाचं गाणं मार्थाबाईंनी शाळेत परत काढलंय, सगळी माणसं भावंडं असल्याचं. त्यातला शेवटचा लांब सूर कुणालाच एका दमात झेपत नाही. म्हणून रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोघींनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा, हा बाईंचा नियम. तू कोपर लावलंस की मी श्वास घ्यायचे, तोवर तू सूर धरायचीस. मग मी धरायचे आणि तू घ्यायचीस. ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणी थांबलंच नाही.

गाणं परत सुरू झालं, पण तू नव्हतीस, म्हणून तिथं सूर तुटायला लागला. "यमुना, भोक पडतंय गं तिथं," बाई वैतागायच्या. मी खाली मान घालायचे. पण आपा, मला ते बरं वाटायचं. तू इथं नाहीस, हे सगळ्या गावात तेवढ्या एकाच जागी ऐकू यायचं.

काल बाईंनी पिशोर गावाहून शाळेत नवीन आलेली द्वारका माझ्या शेजारी उभी केली. लई गुणी पोर आहे. तिनं नेमकं तिथंच कोपर लावलं, मी श्वास घेतला, आणि सूर तुटला नाही. बाईंचे डोळे भरून आले. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे पत्र टाकत नाही. गाणं आता छान होतंय, हे तुला कुठल्या तोंडानं कळवू?

तुझ्या शेजारची,
यमुना