ओझरहून पंचवीस मिनिटं

३ नोव्हेंबर
अवसरी बुद्रुकला पोचले! पहिली नोकरी, पहिली स्वतःची खोली. सयाजीभाऊंचा मळा गावापासून लांब, चारी बाजूंनी ऊस. त्यांच्या बायकोनं, ठकूबाईंनी, तव्यावरची भाकरी वाढली आणि मी लई बारीक आहे म्हणून दुसरीही.

काम सोपं. ओझर विमानतळ ते पुणे छोट्या विमानाच्या चाचणी फेऱ्या चालू आहेत. हवेतून एकशे सत्तर किलोमीटर, पस्तीस मिनिटं. मळा बरोबर त्या वाटेखाली. ओझरहून विमान सुटलं की तिथला माझा सहकारी समाधान मेसेज करतो. पंचविसाव्या मिनिटाला ते डोक्यावर. मी आवाज मोजायचा आणि रेकॉर्ड करायचा.

५ नोव्हेंबर
विमान फार खालून जातं. पत्रे थडथडतात, मिनिटभर स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. सयाजीभाऊंना भारी कौतुक. रोज विचारतात, "प्रज्ञाताई, उद्या किती वाजता येनार तुमचं इमान?" मीही हौसेनं अंतर, वेग, मिनिटं समजावते.

७ नोव्हेंबर
सयाजीभाऊंचा धाकटा भाऊ जानकू सकाळी बांधावरून भांडायला आला. ठकूबाईंनी मला आत ओढलं. रेकॉर्डर बाहेर चालूच होता. १०:४० ला विमान गेलं. बाहेर आले तर जानकू नव्हता. आळे गावाला गेला, सयाजीभाऊ म्हणाले. नळाखाली कोयता धूत होते.

ठकूबाई जेवल्या नाहीत.

८ नोव्हेंबर
दुपारी कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. इंजिनाच्या आवाजाखाली माणूस ओरडतोय. "दादा, नको! दादा—" मग घाव. ओल्या लाकडावर पडावेत तसे. मी अकरा मोजले.

ठकूबाईंना ऐकवलं. त्यांनी माझा हात धरला. फोन करू नको म्हणाल्या, पोलीस यायच्या आत तो दोघींना मारेल. उद्या बाजाराच्या निमित्तानं निघू. तो फाटकातच बसून आहे.

वेळ मीच सांगितली होती त्याला.

९ नोव्हेंबर
१०:२२ — आम्ही निघणार तोच विमान आलं. ठकूबाई उसाकडे पळाल्या. तो मागे. पहिला घाव मानेवर. पडल्या तरी तो थांबेना — तोंड उघडं होतं त्यांचं. आवाज नाही. फक्त विमान.

खोलीत आले. कडी लावली. पोलिसांना फोन केला. मंचरहून निघतायत. रस्त्यात उसाची ट्रॉली उलटलीय. अर्धा तास.

१०:२९ — तो पायरीवर बसलाय. हात कोपरापर्यंत लाल. पलीकडच्या रानात ऊसतोडणीवाले आलेत. दाराशी तोंड लावून हळू म्हणाला, "वरडू नको, ताई. वरडलीस तर आत्ताच येतो. गप ऱ्हायलीस तर इमान येईपतूर जगशील."

मग त्यानं विचारलं, पुढचं कधी?

ओझरहून येईल, अकरा पंचवीसला इथे, मी म्हणाले. खरंच तेवढं होतं वेळापत्रकात. पोलीस अकराच्या आत येतील. येतील.

१०:४१ — समाधानचा मेसेज. आज विमान पुण्याहून लगेच परत. आत्ता सुटलं.

पुण्याहून इथे सत्तेचाळीस किलोमीटर. दहा मिनिटं.

समाधानला लिहिलं, विमान परत फिरव, माणूस मरतंय. बघितलं नाही. फोन उचलत नाही.

१०:४६ — पोलीस म्हणतात, फाट्यावर आलोत. अजून दहा मिनिटं. दाराला पलंग लावला. कडी जुनी आहे. एकच स्क्रू.

१०:४९ — पायरीवर बसलेल्याला माहीत नाही. गुणगुणतोय.

१०:५० — दक्षिणेकडून — अगदी बारीक —

गुणगुणणं थांबलं. उठला. पत्रे —