पेटी तोट्यात, पानं नफ्यात

१७ ऑगस्ट १९६४

हे नोकरी सोडायची म्हणतात! पक्की नोकरी, कारखान्याचं क्वार्टर, विद्याची शाळा वसाहतीतच — आणि हे सगळं सोडून करायचं काय? खेळायची पेटी! लाकडी खोक्यात ओळीने छोटे दिवे. वर भोकं पाडलेलं छापील पान पसरायचं. सापशिडीचं पसरलं की सापशिडी, काशीयात्रेचं पसरलं की काशीयात्रा. बटण दाबलं की दिवे पळत सुटतात आणि कुठल्या तरी घरावर थांबतात. पेटी एकच, खेळ हवे तितके. भागीदार संताजी — चामराजपेटेत रेडिओची खोकी करतात ते.

विचारलं, "पेटीवर सुटणार किती?"

"पेटी तोट्यातच विकायची," म्हणाले.

मी मॅट्रिक झाले, संसाराचा जमाखर्च आजवर चुकू दिला नाही. असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

आज नीट समजावून सांगितलं. वस्तऱ्याचं यंत्र बघ, म्हणे. दांडा स्वस्तात देतात, मग माणूस जन्मभर पाती विकत घेतो. तशी पेटी म्हणजे दांडा आणि पानं म्हणजे पाती. दर महिन्याला नवं पान काढायचं!

 आपलं पातं बोथट झालं की हे काचेच्या पेल्यात घासघासून धार लावतात आणि महिना काढतात. पातीवाल्याच्या नशिबी आमच्यासारखी गिऱ्हाइकं असतील तर दत्तगुरूच त्याला तारोत.

२४ ऑगस्ट

सोमवारचा उपवास. ह्यांना सुबुद्धी दे म्हणून मागितलं. ह्यांनी सप्टेंबरपासून दोन महिन्यांची रजा टाकली! पेट्या चालल्या तर राजीनामा, नाही तर परत कामावर. "बाकी तू ठरव," म्हणाले. ठरवलेलंच आहे. नाही!

६ सप्टेंबर

पहिली पेटी घरी आली. मी हात लावणार नव्हते. विद्याने काशीयात्रा मांडली. दिवा प्रयागवरून सुटला, गयेवर टेकला, आणखी एक घर गेला असता तर काशीच! पुन्हा दाबलं. पुन्हा. पोळी तव्यावर कोळसा झाली तेव्हा विद्या म्हणाली, "आई, आता माझी पाळी ना गं?"

कोळसा झालेली पोळी मीच खाल्ली. कुणाला सांगणार?

२९ सप्टेंबर

मी आता ह्यांच्या बाजूची! पुढच्या पानांसाठी विषयसुद्धा सुचवले — अष्टविनायक, पाढे, नवग्रह. संताजी म्हणाले, "अक्का, तुम्हीच आमच्या डायरेक्टर बघा." मी लाजले. घरी येऊन आरशात बघितलंही. शोभतं का ते!

८ ऑक्टोबर

चामराजपेटेत संताजींच्या घरी गेले. त्यांच्या मंडळी अंबुबाई इकडच्या कानडी रीतीने दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडतात. यंदा मधल्या पायरीवर रामाच्या दरबारासमोर आमची पेटी! हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुंकू लावून घ्यायच्या आणि पेटीपुढून हलायच्याच नाहीत. सापशिडीचं पान पेटीबरोबर फुकट. पेट्या तिथल्या तिथे संपल्या.

अंबुबाईंच्या शेजारच्या रत्नाबाईंनी विचारलं, "ते यात्रेचं पान केवढ्याला हो अक्का?"

तेव्हा माझ्या जिभेवर कोण बसलं होतं देव जाणे. "विकत कशाला घेता?" म्हटलं. "भरतकामाचा खाका उतरवतो तसं करा. पानाखाली पुठ्ठा ठेवून सुईने टोचायचं, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळा फिरवायचा. हुबेहूब!"

एवढ्यावर थांबले असते तर! नीळ मागवून, पदर खोचून, तिथेच करूनही दाखवलं. सगळ्या वा वा म्हणाल्या. बसमध्ये घरी येईपर्यंत माझी मीच कौतुकाने फुगले होते. काय केलं ते वसाहतीच्या थांब्यावर उतरताना कळलं.

१२ ऑक्टोबर

ह्यांना अजून सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर

पेट्या भराभर जातात. पान एकसुद्धा विकलं गेलं नाही. मात्र पानं घरोघर झालीत! अंबुबाईंनी रामेश्वरची यात्रा काढली. रत्नाबाईंनी तर स्वतःचाच खेळ काढला — माहेरी जायची वाट, आणि शेवटच्या घराजवळ केवढा थोरला साप. त्याला अंबाडा घातलाय. सासूबाई शेजारी बसून खेळतात आणि त्यांना कळत नाही!

हसू आलं. मग ह्यांचं तोंड आठवलं.

२५ ऑक्टोबर

ह्यांना कळलं. पेटी पोचवायला त्या गल्लीत गेले होते. रत्नाबाईंच्या हातचं पान बघून म्हणाले, "सुबक आहे. कुठे शिकलात?"

"तुमच्याच मंडळींनी शिकवलं की हो!"

घरी येऊन रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "छापून घेतलेल्या पानांचा गठ्ठा आहे, त्याचं काय करू?"

मी म्हटलं, "फळीवर डब्यांखाली घालायला होतील."

ही माझी जीभ!

देवाकडे सुबुद्धी मागितली होती ती कुणाला द्यायची हे स्पष्ट सांगायला हवं होतं.

२८ ऑक्टोबर

हे सोमवारी परत रुजू होणार. मला हवं होतं तेच झालं. क्वार्टर राहिलं, शाळा राहिली. ह्यांनी दिवे, बटणं, दिवे पळवणाऱ्या चकत्या डब्यांत भरल्या. काम करताना शीळ वाजवायचे, आज वाजवली नाही.

अंबुबाई आल्या. "पेट्या का थांबवल्या अक्का? येलहंक्याची माझी नणंद पानं काढून बसलीय, आनेकलच्या बहिणीलाही पाहिजे."

"तोटा होतो हो."

"मग स्वल्प जास्ती घ्या की! पानं फुकटात होतात. पेटीला कोण कुरकुर करतंय?"

त्या गेल्यावर बराच वेळ भाजी चिरत बसले. भोपळा एवढा बारीक झाला की त्याची कोशिंबीरच करावी लागली. हे पान विकायला पेटी काढत होते. बायका पान काढता येतं म्हणून पेटी मागताहेत! मग पेटीच रास्त नफ्याने विकायची आणि वर कोरा पुठ्ठा फुकट द्यायचा. ह्यांना सांगितलं.

"माझ्यात आता ते बळ नाही," म्हणाले. थोड्या वेळाने — "पण तुझं म्हणणं बरोबर आहे."

२ नोव्हेंबर

हे कामावर गेले. जाताना चकत्या कशा बसवायच्या ते दाखवून गेले. दुपारी संताजी रंगाचा डबा घेऊन दारात. "पाटीवर नाव कुणाचं घालू अक्का? साहेबांना विचारलं तर म्हणतात, मी नोकर माणूस, मालकिणीला विचारा."

"प्रेमाबाई," मी माझंच नाव सांगितलं. मोठं अक्षर काढा, असंही बजावलं.