शेवटची ओंजळ

नाना, शाप उच्चारू नये असे तुम्ही शिकवलेत, म्हणून जिवंत माणसांपुढे जे मला बोलता येत नाही ते तुम्हांला लिहितो. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी पौडहून एस.टी.ने तुम्हांला पुण्याच्या इस्पितळात नेले, तेव्हा तुम्ही आपल्या पायांनी पायऱ्या चढलात. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. जखम कोरडी आहे, हे ती करणाऱ्या सर्जननेच मला सांगितले होते. शेजारच्या खाटेवर भुकूमचा एक शेतकरी होता. नांगराचा फाळ लागून त्याचा पाय सडला होता, आणि त्या दर्पाने तुम्ही उपरणे नाकाशी धरून स्तोत्र पुटपुटत असा.

ती सकाळ मला अजून दिसते. सर्जन त्या शेतकऱ्याची पट्टी सोडतो, बोटांनी दाबून पू काढतो, बोटे फडक्याला पुसतो आणि तसाच तुमच्याकडे वळतो. स्नानावाचून देवाच्या भांड्याला कधी न शिवलेले तुम्ही हात जोडून म्हणता, "डॉक्टरसाहेब, हात तेवढे धुऊन घ्या." तो हसतो. "भटजीबुवा, सोवळं घरच्या खुंटीला टांगून यायचं. इथं आमचं चालतं." सारा वॉर्ड हसतो, आणि तेवढ्यात त्याचे बोट तुमच्या जखमेवर टेकलेलेही असते. पुढे ताप चढला, टाके उसवले, आणि त्याच दर्पावरून तुमची खाट दारातून ओळखू येऊ लागली. शुद्ध होती तोवर तुम्ही त्याला क्षमा करीत होतात. मी केली नाही.

तुमच्या वर्षश्राद्धापूर्वीच मी दावा लावला. भरपाईची मला वासना नव्हती. त्या माणसाने न्यायासनासमोर उभे राहून 'मी हात धुतले नव्हते' एवढे म्हणावे, हीच माझी मागणी होती. त्याच्या वकिलाने मला विचारले, की गावच्या देवाचा अंगारा मी वॉर्डात आणला होता का, आणि आपल्या हाताने वडिलांना लावला होता का. शपथेवर असत्य बोलणे तुमच्या मुलाला शक्य नव्हते. मी हो म्हणालो, आणि त्या चिमूटभर अंगाऱ्यावर त्यांनी आपला सारा बचाव रचला. राख गावची, हात मुलाचा, मग दोष इस्पितळाचा कसा?

तो शेतकरी कुबडी टेकत साक्षीला आला. "अंगारा लावला कपाळाला," तो म्हणाला, "आन् जखम हुती पोटाला. त्यो काय पायवाटंनं चालत खाली उतारला व्हय? माज्या पायातला पू काडल्याला हात न धुता बामनाच्या पोटाला लागला, म्या बगितलंय." कोर्टात हशा पिकला. वकिलाने शांतपणे विचारले, की त्या हातावरचे जंतू तुला दिसले का. तो म्हणाला, "न्हाई." तेथेच आम्ही हरलो. संसर्ग कुणाच्या हातून झाला हे सिद्ध होत नाही, असा निकाल झाला. बाहेर पडताना सर्जन मला वाकून नमस्कार करून गेला. तो नमस्कार मी जपून ठेवला.

पुढे त्यानेच आपल्या गावाशेजारी कासार आंबोलीला बंगला बांधला. तुमची भिक्षुकी तोवर माझ्याकडे आली होती. एका पावसाळ्यात तो तिथेच वारला. ओढ्यांना पूर येऊन पुण्याचा रस्ता तुटलेला, पंचक्रोशीत दुसरा भिक्षुक नाही. त्याची पत्नी भिजत आपल्या अंगणात आली. तिने मला ओळखले नाही. "गुरुजी, आम्हांला मूलबाळ नाही," ती म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तर यांना गती मिळायची नाही." मी तांब्या घेतला आणि तिच्यादेखत मनगटांपर्यंत सावकाश हात धुतले. मग म्हणालो, "बाई, गती कुणाच्या हातून अडली, हे सिद्ध होत नसते." तिला काही उमगले नाही. त्याला मंत्रांवाचून अग्नी दिला गेला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

न भरणारी जखम घेऊन युगानुयुगे भटकणाऱ्या शापिताची कथा तुम्ही पुराणात सांगत असा, आणि त्याच्यासाठी उपरण्याने डोळे पुसत असा. मला मात्र शाप देणाराच नेहमी पटला.

उद्या सर्वपित्री अमावास्या. तर्पणाच्या शेवटी एक ओंजळ आप्त-अनाप्त, ज्यांना पाणी द्यायला कुणीच उरले नाही अशा सर्वांसाठी असते. त्या सर्वांत आता तोही येतो. म्हणून तो गेल्यापासून ती ओंजळ मी सोडलेली नाही. तिच्यावाचून तर्पण अपुरे राहते, हे तुम्हीच मला शिकवलेत. म्हणजे त्याला तहानलेला ठेवण्यासाठी तुम्हांलाही मी अपुरेच पाणी देत आलो आहे, आणि उद्याही तेच देणार आहे. हे तुम्हांला कळू नये, म्हणून हा कागद तुमच्या तर्पणाच्या पाण्यात न सोडता फडताळातच ठेवतो.